नकाराचं प्रात्यक्षिक

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीआधी मला नाही म्हणता आलं नाही आणि अख्खा वर्ग हसला. वर्ग म्हणजे स्टेशन रोडवरच्या एका हॉटेलचं तळघर. तिथं एरवी साखरपुडे होतात, नाहीतर विमा एजंटांच्या बैठका. खिडकी नाही, आणि एसी असा की तळपाय चपलांत आखडून जावेत. समोर प्रियदर्शनी मॅडम उभ्या होत्या. पुण्याच्या संस्थेच्या, वय फार तर अठ्ठावीस, हातात सेकंद मोजायचं घड्याळ. खेळ साधा होता. शेजाऱ्यानं नोकरी मागायला आलेला उमेदवार व्हायचं, आपण रिक्रूटमेंट कन्सल्टंट व्हायचं आणि तीस सेकंदांत त्याला स्वच्छ शब्दांत सांगायचं की तुमची निवड झालेली नाही. कन्सल्टंट आम्ही सगळेच होतो, म्हणजे माणसं पुरवून पोट भरणारे. माझ्या शेजारी बसवराज होता, निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारींना माणसं देणारा. त्यानं हात जोडले, तोंड केविलवाणं केलं आणि म्हणाला, "सायेब, माझं काय झालं?" मी तोंड उघडलं. मग आपसूक बाहेर पडलं, "बघू की. सांगतो." मॅडमनी घड्याळ थांबवलं. "सर, पुन्हा." पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी मी, "सध्या जरा अवघड आहे, पण..." इथवर आलो आणि त्या 'पण'वर सगळे खो खो हसले. मीही हसलो. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला चारचौघांत दुसरं करता काय येतं? पण हसताना कान तापले होते, आणि ते संध्याकाळी घरी जाईपर्यंत तापलेलेच राहिले.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. शिरोली एमआयडीसीतल्या ज्या फाउंड्रीवर माझं घर चालतं, तिथं राजवीर नावाचा नवा मॅनेजर आला होता. पोरगा चांगला. मला काका म्हणायचा. त्यानं महिन्यापूर्वी केबिनमध्ये बसवून सांगितलं होतं, "काका, एक तारखेपासून सर्टिफिकेट असलेल्या माणसाकडूनच भरती. वरनं आलंय, माझ्या हातात काय न्हाई. पाच दिवसांचा कोर्स हाय, करून टाका की." त्यानं ते किती सहज सांगितलं! आभार, खेद, निर्णय, सगळं एका चहाच्या कपात. पुढं वर्गात कळलं की त्यानंही हा कोर्स केलेला होता. चौदा वर्षं त्या फाउंड्रीला मी माणसं दिली. भट्टीवरचे दिले, साचे भरणारे दिले, ओतीव मालाच्या कडा घासणारे दिले. कोण टिकेल आणि कोण दिवाळीला गावाकडं गेला की परतणार नाही, हे मी त्याच्या बसण्यावरून सांगायचो. आता ते सगळं एका कागदावर येऊन थांबलं होतं, आणि कागद मिळायचा तर शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक द्यायचं होतं. मॅडमनी फळ्यावर चार पायऱ्या लिहिल्या होत्या. आभार, कारण, निर्णय, समाप्ती. समाप्तीखाली दोन रेघा ओढून त्या म्हणाल्या होत्या, "इथे कोणतीही आशा शिल्लक ठेवायची नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच नापास होतात."

नाही हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. गडहिंग्लजला वडिलांचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाइकानं हळद मागितली आणि डबा रिकामा असला तरी वडील नाही म्हणत नसत. "उद्या येतीय बघा" म्हणायचे. मीठ संपलं असं म्हणायचं नाही, मीठ वाढलं म्हणायचं. रात्री दुकान बंद करायचं नाही, दुकान वाढवायचं. एकदा मी, सहा-सात वर्षांचा असेन, एका म्हातारीला सरळ सांगितलं की गूळ नाही. ती गेल्यावर वडिलांनी माझ्या थोबाडीत दिली, ती अजून डाव्या गालाला आठवते. आई आतून कानडीत म्हणाली, "बागिलिगे बंदवरिगे इल्ल अन्नबारदु." दारात आलेल्याला नाही म्हणू नये. त्यात लबाडी आहे असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही. म्हातारी उद्या येई, परवा येई, कधीतरी गूळही येई. दुकानात ते चालून जातं. गूळ आज ना उद्या येतोच. माझ्या दुकानात मी नोकऱ्या ठेवल्या होत्या आणि बोलणं मात्र वडिलांचंच उचललं, हे माझ्या ध्यानात यायला चौदा वर्षं लागली. तेही त्या थंडगार तळघरात, पंधरा माणसं हसल्यावर.

शाहूपुरीत एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर मी त्र्याण्णव साली ऑफिस टाकलं. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला लाकडी बाक. सकाळी गिरणी सुरू झाली की फरशी हलायची आणि बाकावर बसलेल्या सगळ्यांचे गुडघे एकदम थरथरायचे. माणसं लांबून यायची, कागलहून, राधानगरीकडून, इचलकरंजीच्या कापडाच्या मागांवर कंटाळलेली. मी प्रत्येकाला पाणी द्यायचो, गाव विचारायचो, पाव्हणे-रावळे विचारायचो. काम असलं तर चिठ्ठी, नसलं तर "बघू की, सांगतो." ते खुशीत जिना उतरायचे. मला बरं वाटायचं. लोक म्हणायचे, शशिधरआण्णा माणसाला तोडून बोलत नाहीत. हे ऐकून मी फुगायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही. माणूस चांगला असण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नसेल. ज्याला कळायचं त्याला कळायचं. तो दोन-तीन खेपा घालायचा आणि आपल्या वाटेला लागायचा. बहुतेकांना कळायचं, कारण त्यांच्याही घरी असंच बोलत असणार. कृष्णातला कळलं नाही. की कळलं होतं आणि त्याला ते नको होतं, ते मला सांगता यायचं नाही.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी पडद्यावर एक वाक्य लावलं. 'खोटी आशा ही फसवणूक आहे.' मागं निळा रंग, कोपऱ्यात संस्थेची खूण. बाकीच्यांनी ते वहीत उतरून घेतलं. मी पेन हातात धरून बसलो, आणि एसीच्या घरघरीत मला गिरणी ऐकू यायला लागली. अठ्ठ्याण्णवचा उन्हाळा. कृष्णात पहिल्यांदा जिना चढून आला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. कबनूरच्या एका शेडमध्ये जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. कानात सतत खटखट राहते, बायको बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून त्याला शिरोलीत फिटरची नोकरी हवी होती. बोलता बोलता त्यानं वर बघितलं. माझा पंखा महिनाभर किरकिरत होता. "स्टूल हाय का सायेब?" म्हणून तो चढला, खिशातल्या पान्यानं काहीतरी आवळलं आणि पंखा गप्प झाला. शिक्षण विचारलं तर सातवी. आयटीआयचा दाखला नाही. फाउंड्रीत फिटर घ्यायचा तर दाखला लागतोच, हे मला त्या मिनिटाला माहीत होतं. मी वर पंख्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "बघू की. सांगतो." त्या दिवशी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? त्याला वाईट वाटलं असतं. संध्याकाळपर्यंत. फार तर आठवडाभर.

दोनदा मी त्याला गेटवर पाठवलंही, दाखल्यावाचून जमेल का बघायला. दोन्हीदा वॉचमननं परत लावला. तो माझ्यावर चिडला नाही, उलट मलाच समजावलं, "तुम्ही काय कमी केलासा काय? वेळ यावी लागती." आणि मग पुढचं साल आलं. ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, बायकोला, रुद्राणीलाही नाही. त्याच्या शेडचा मालक म्हातारा झाला होता, मुलगा नव्हता. तो कृष्णातला म्हणाला, चार माग तू चालवायला घे, माझं भाडं देत जा, उरलेलं तुझं. कृष्णात तसाच एसटीत बसून माझ्याकडं आला. बाकावर टेकलासुद्धा नाही. "सायेब, तुम्ही सांगाल तसं. माग घिऊ का नोकरीसाठी थांबू?" त्याच आठवड्यात फाउंड्रीत भरती निघणार अशी नुसती कुणकुण होती. त्यात फिटर नव्हते, असते तरी त्याला घेतलं नसतं. त्याच्या कपाळावर घाम होता, शर्टाच्या खिशाला कापसाची बारीक कुसं चिकटली होती. त्याला हवं होतं ते ऐकायला तो एवढ्या लांबून आला होता आणि मला दारातल्या माणसाला रिकामं पाठवता येत नव्हतं. मी म्हणालो, "थांब की जरा." तीनच शब्द. तो थांबला. माग दुसऱ्यानं घेतले. त्या दुसऱ्याचे आज सोळा आहेत, असं कृष्णातच मला मागं कौतुकानं सांगत होता.

त्यानंतर तो येत राहिला, कधी पंधरा दिवसांनी, कधी महिन्यानं. शेड सुटली होती, मिळेल ते काम करायचा. येताना रिकाम्या हातानं येत नसे. पंच्यात बांधलेल्या भुईमुगाच्या शेंगा, कधी वांगी. ऑफिसात आला की आधी काय बिघडलंय ते बघायचा. माझं शटर त्यानं सरळ केलं, टाइपरायटरचा अडकणारा 'क' सोडवला, पुढं काँप्युटर आला तर त्याच्या टेबलाचा डगमगणारा पाय बसवला. त्या खोलीत त्याचा हात लागला नाही अशी वस्तू राहिली नव्हती. काम झालं की बाकावर बसून हसून बघायचा, विचारायचा नाही. त्याचं न विचारणं मला विचारण्याहून जड जायचं. मीच मग म्हणायचो, "बघतोय रं तुझं." त्याचं भिजत घोंगडं नऊ वर्षं माझ्या खोलीत पडून होतं आणि त्या ओलीची मला सवय झाली होती. अलीकडं त्याच्या जिन्यावरच्या पावलांचा आवाज आला की मी उगाच फोन कानाला लावायचो. एकदा तर मी गिरणीच्या मागच्या दारानं निघून गेलो. तो संध्याकाळपर्यंत बसला, आणि दुसऱ्या दिवशी मला माझ्या खुर्चीची तुटलेली पाठ जोडलेली दिसली.

चौथ्या दिवशी घरी मी कपाटाच्या आरशासमोर चार पायऱ्या घोकत होतो. रुद्राणी चपात्या लाटता लाटता दारात येऊन उभी राहिली. हातावर पीठ. तिला कोर्सचा सगळा प्रकार पोरखेळ वाटत होता, पण एक तारीख तिलाही ठाऊक होती. म्हणाली, "मी हुते उमेदवार. मला म्हणा बघू." तिनं पदर खोचला, मान खाली घातली आणि बारीक आवाजात नोकरी मागितली. मी आभारापर्यंत आलो, कारणापर्यंत आलो, आणि निर्णयापाशी घोडं अडलं. रुद्राणीनं मान वर केली. "माहेरी जाऊ काय म्हणून इचारलं की कसं फाडदिशी निघतंय तुमच्या तोंडातनं? तवा न्हाई अडत?" ती चेष्टा करत होती. माझा चेहरा बघून थांबली. "एवढं काय हाय त्यात? न्हाई म्हणजे न्हाई. माणूस काय मरतंय व्हय त्यानं?" मी तिला चार मागांबद्दल सांगायला तोंड उघडलं. तव्यावरची चपाती करपल्याचा वास आला आणि ती आत पळाली. मी आरशात राहिलो. आरशातला माणूस दिसायला भला होता, कपाळावर विभूतीची पुसट बोटं, डोळ्यांत माया. कुणालाही वाटावं की याच्याकडं गेलं तर काम होईल. मला त्याची किळस आली.

पाचव्या दिवशी तळघराच्या जिन्यापासून रस्त्यापर्यंत माणसांची रांग होती. इस्त्रीचे शर्ट, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कागद, तेल लावून बसवलेले केस. मी बसवराजला विचारलं, लग्न आहे काय? तो म्हणाला, "पेपरात जाहिरात आल्तीया. कुशल कामगार पायजेत, थेट मुलाखत." मॅडमना गाठून मी विचारलं, जागा कुठल्या कंपनीत आहेत? त्या कागद लावत होत्या. "जागा नाहीत, सर. हे आपलं प्रात्यक्षिक आहे. खरे उमेदवार असल्याशिवाय खरी परीक्षा होत नाही. त्यांची नावं आपल्या यादीत राहतील ना, काही निघालं तर कळवू." दोन दिवसांपूर्वी निळ्या पडद्यावर ते वाक्य लावलं तीच ही मुलगी. तिला यात काही वावगं दिसत नव्हतं आणि मला तिच्यावर चिडायचा हक्क नव्हता. काही निघालं तर कळवू. किती ओळखीचं वाक्य! फक्त तिचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. मी घरी निघून जाऊ शकत होतो. गेलो नाही. एक तारीख चार दिवसांवर होती.

चिठ्ठ्या काढल्या. अर्ध्या चिठ्ठ्यांवर होकार, अर्ध्यांवर नकार. होकारवाल्यांनी उमेदवाराला पुढच्या फेरीसाठी निवडायचं, जी फेरी होणारच नव्हती. माझ्या चिठ्ठीवर नकार निघाला. छोट्या खोलीत एक टेबल, कोपऱ्यात प्रियदर्शनी मॅडम गुणांचा तक्ता घेऊन. माझा नंबर आला, दार उघडलं आणि कृष्णात आत आला. पांढरा शर्ट, कॉलरला घडी नीट न उकललेली, नवा असावा. दाढी घोटून केलेली, हनुवटीवर एक कापलेलं. मला बघून त्याचा चेहरा एकदम उमलला, आणि लगेच त्यानं तो आवरला. त्यानं ओळख दाखवली नाही. "नमस्कार सायेब," म्हणाला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. मला वाटलं उठावं, मॅडमना सांगावं की ओळखीचा आहे, दुसरा द्या. नियमात ते बसलं असतं. पण नऊ वर्षं जे जमलं नाही ते आज, इथं, कुणीतरी घड्याळ धरून बसलेलं असताना जमलं तर जमलं, नाहीतर जन्मात जमणार नाही, असं मला लख्ख वाटलं. टेबलावरच्या अर्जातले प्रश्न मी वाचायला सुरुवात केली. वय? चाळीस. शिक्षण? सातवी पास. आयटीआय? नाही. त्याच्या तोंडून नाही किती सरळ आलं! सध्या काय करता? "मिळंल ते." मागचा अनुभव? "मागावर जॉबर हुतो. सोडून आठ वर्सं झाली." मी तो आकडा लिहिला.

मग मी पेन खाली ठेवलं आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं, कारण तेही तक्त्यात होतं. म्हणालो, "कृष्णात, तुम्ही आलात त्याबद्दल आभार. तुमच्या हातात कला आहे, ती मला दिसते. पण या कामाला आयटीआयचा दाखला लागतो आणि तो तुमच्याकडे नाही. त्यामुळे तुमची निवड झालेली नाही. यात पुढं काही बदल होणार नाही. तुम्ही या कामाची वाट बघू नका." माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता. पण एकही शब्द अडला नाही. 'पण'सुद्धा आपल्या जागी आला आणि गेला. कृष्णातची मान हळूहळू खाली गेली. खालचा ओठ हलला. त्यानं डोळ्यांना शर्टाची बाही लावली, मग उठून हात जोडले आणि पाय ओढत दाराबाहेर गेला. माझ्या छातीवरून कुणीतरी उठल्यासारखं झालं. त्याच वेळी मला रडूही येत होतं. बोललो. अखेर बोललो. आता तो शिव्या देईल, नाहीतर परत तोंड बघणार नाही, पण उद्या सकाळी उठून दुसरं काहीतरी बघेल. चाळीस म्हणजे काही सगळं संपलेलं नसतं. मॅडम उठून टाळ्या वाजवत होत्या. "सर, काय सुधारणा आहे! समाप्ती तर अप्रतिम. सगळ्या बॅचमध्ये सगळ्यात खरी." त्यांनी तक्त्यावर गुण लिहिले, मला दाखवले. मी बघितले नाहीत. मला त्याच्या मागं जायचं होतं.

तो हॉटेलबाहेरच्या चहाच्या गाड्यावर उभा होता. रांग अजून रस्त्यापर्यंत होती. मला बघून त्यानं लांबूनच हात वर केला, आणि तो हसत होता. "पडलं का मार्क, सायेब?" मला कळेना. तो जवळ आला, आवाज खाली केला. "हाटेलचा वॉचमन आमच्या कबनूरचाच निघाला. त्यानं सांगितलं, हितं काय जागाबिगा न्हाईत, ह्या सायबांची परीक्षा हाय. म्या मागारी निघाल्तो. तेवढ्यात तुमचं नाव यादीत वाचलं. म्हटलं, आपला माणूस बसलाय आत, थांबू या की. त्यात नंबर बी तुमच्याकडंच लागला. जोतिबाचीच किरपा! म्हणून म्या बी जरा तोंड पाडलं, डोळं पुसलं. बाई लिवत हुती न्हवं कोपऱ्यात? बरं जमलं न्हवं?" त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला. गाडेवाल्याला म्हणाला, "सायेब पास झालं. साखर जादा." मी तो कप हातात धरला. त्याच्या ओठावर अजून त्या खोलीतल्या दुःखाची घडी होती आणि वर हसू. तो खरोखर खूश होता. नऊ वर्षांत त्याला माझ्यासाठी पहिल्यांदा काहीतरी मोठं करता आलं होतं. मग त्यानं चहाचा घोट घेतला, इकडंतिकडं बघितलं आणि इतक्या वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "सायेब, आता तुमचं काम झालं. तुमाला कागद मिळाला म्हंजे राजवीर सायेब तुमचा शबूद मोडणार न्हाईत. आता आपलं तेवढं बघा. वय निघालं हो."

रिक्षा जात होत्या, समोरच्या लॉजवर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. कोपऱ्यात मॅडम नव्हत्या, घड्याळ नव्हतं. चार पायऱ्यांतली एकही मला आठवली नाही. मी कप गाड्यावर ठेवला. म्हणालो, "कृष्णात, ऐक. तुला नोकरी मिळणार न्हाई. आज न्हाई, कवाच न्हाई. दाखल्यावाचून घेत न्हाईत, हे मला पैल्या दिवशी ठावं हुतं. तू पंखा आवळत हुतास तवाच ठावं हुतं. माझ्या तोंडातनं न्हाई निघालं न्हाई, एवढंच. मागाचं इचारायला आलास तवा भरतीत फिटर नव्हतं. तरी म्या थांब म्हटलं. तुझं माग माझ्यामुळं गेलं. तू माझी वाट बघू नगोस रं. माझ्याकडं तुला द्यायला काय न्हाई. कवाच नव्हतं." मी त्याचा दंड धरला होता. दंड कठीण होता, पूर्वीसारखाच, मागाचा दांडा ओढणाऱ्याचा. त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं, हनुवटीवरचं कापलेलं तेवढं लाल राहिलं. तो माझ्याकडं असा बघत होता की मी सहा-सात वर्षांचा झालो आणि थोबाडीत बसायची वाट बघायला लागलो. बसावी असं मला मनापासून वाटत होतं. त्यानं एकदा रांगेकडं बघितलं, एकदा हॉटेलच्या पाटीकडं. मग त्याच्या तोंडावर हळूहळू उजेड परत आला. त्यानं माझ्या हातावर थाप मारली.

"एकदम खरं वाटलं बघा, सायेब," तो म्हणाला. "माझ्या पोटात गोळाच आला की! आत म्हटलासा त्यापरीस हे झ्याक. असं म्हणाय लागलासा तर कुठल्याबी परीक्षेत पयला नंबर." त्यानं उरलेला चहा संपवला, नव्या शर्टाची कॉलर नीट केली. "बरं आता बोला, कवा येऊ?"

मी पुन्हा नाही म्हणालो. तो आणखीच हसला.